पाणी पाहून ठरलेला उत्सव

रवींद्रनाथ ठाकूर यांचा जन्म ७ मे १८६१ चा. बंगाली पंचांगात ती तिथी २५ बैशाख. त्या दिवशी अख्ख्या बंगालमध्ये गल्लोगल्ली मांडव पडतात, तसबिरीला मोगऱ्याचे हार चढतात आणि पहाटेपासून गाणी सुरू होतात. पण ज्या शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी आयुष्याची चाळीस वर्षं काढली, तिथं त्यांचा वाढदिवस याच्या चोवीस दिवस आधी, १ बैशाखला, म्हणजे १४ किंवा १५ एप्रिलला साजरा करायची प्रथा पडली. सुरुवात १९३६ सालची. कारण ऐकलं की विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ते लगेच पटेल. मे महिन्यात बीरभूम जिल्ह्यात पाण्याचे हाल होत, म्हणून आश्रमाची उन्हाळी सुट्टी लवकर लागे. मुलं घरी गेल्यावर वाढदिवस कुणाबरोबर करायचा? म्हणून मग मुलं असतानाच, बंगाली नववर्षाच्या दिवशीच तो करायचं ठरलं.

नोबेल मिळालेला, जगभर फिरलेला कवी हयात होता आणि त्याच्याच संमतीनं त्याच्या जन्माची तारीख आडातल्या पाण्यासाठी मागे घेतली गेली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शांतिनिकेतनातल्या विश्वभारती विद्यापीठाचा हा उन्हाळी उत्सव कसा आहे, तो तसा का आहे आणि आपल्या विद्यापीठांनी त्याच्याकडे का बघावं, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी अमरावतीत महाविद्यालयीन मुलामुलींना चित्रकला शिकवते. युवा महोत्सव जवळ आला की रांगोळी, पोस्टर, मातीकाम आणि स्थळचित्राची तयारी माझ्याकडे असते. रांगोळी शिकवता शिकवता अल्पनेची, म्हणजे बंगाली रांगोळीची, ओढ लागली आणि त्या ओढीनं बडनेऱ्याहून गीतांजली एक्सप्रेस धरून मी एका चैत्रात शांतिनिकेतनला गेले. हावड्याहून बोलपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. स्टेशनाबाहेर पडल्यावर तांबडी माती, साल आणि ताडाची झाडं आणि आपल्या वऱ्हाडासारखंच चटके देणारं ऊन. कोपाई नदीत पाण्याची बारीक धार होती. पावसानं कापून काढलेल्या लाल जमिनीच्या घळींना तिथं खोआई म्हणतात. त्या घळी पाहिल्या की इथं पाणी किती वेगानं येतं आणि किती लवकर निघून जातं, ते कळतं.

ओसाड माळावरचं विद्यापीठ

१८६३ मध्ये रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी हा माळ घेतला तेव्हा तिथं सावली होती ती दोन छातिम वृक्षांची. छातिम म्हणजे आपला सातवीण. १८९१ मध्ये उपासनेसाठी रंगीत काचांचं मंदिर उभं राहिलं. त्यात मूर्ती नाही. १९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी पाच मुलांना घेऊन शाळा काढली, १९१९ मध्ये कलाभवन सुरू झालं आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना झाली. १९५१ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२३ मध्ये शांतिनिकेतन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

ही झाली सनावळी. या विद्यापीठाचा उत्सवांशी काय संबंध, ते समजायला ऋतूंचा क्रम पाहावा लागतो. थंडीत पौष मेळा, फाल्गुनात वसंतोत्सव, पावसात वर्षामंगल आणि वृक्षारोपण, शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षण म्हणजे नांगरणीचा सोहळा. पहिला वृक्षारोपण सोहळा १४ जुलै १९२८ रोजी झाला. त्यात रोपाला पालखीत बसवून वाजतगाजत आणतात. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, २२ श्रावणाला, रवींद्रनाथ गेले आणि पुढच्या वर्षापासून वृक्षारोपण त्यांच्या स्मृतिदिनी होऊ लागलं.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. जन्मदिवस पाण्याच्या टंचाईमुळे अलीकडे आला आणि मृत्यूचा दिवस भर पावसाळ्यातला, तो झाडं लावण्याचा झाला. माणसाच्या स्मृतीसाठी निसर्गाला वेठीला धरायचं नाही, स्मृतीनंच निसर्गाच्या सोयीनं बसायचं, असा हा हिशोब आहे.

बोटावरून उतरणारी रेघ

नववर्षाची तयारी चैत्राच्या शेवटच्या दिवशीच सुरू होते. संध्याकाळी सरत्या वर्षाची उपासना होते आणि त्याच सुमाराला कलाभवनाची मुलंमुली अल्पना काढायला बसतात. मी एका ओट्याच्या कडेला बसून ते जवळून पाहिलं.

तांदूळ भिजवून अगदी बारीक वाटतात आणि ताकाइतके पातळ करतात. त्या पिठात सुती कापडाची चिंधी बुडवून ती तळव्यात धरायची. मूठ हलकेच दाबली की पीठ अनामिकेवरून खाली उतरतं आणि बोटाचं टोक जमिनीवर रेघ ओढत जातं. मुठीचा दाब वाढला की रेघ जाड, कमी झाला की बारीक. ठिपके नाहीत, आखणी नाही, खडूची खूण नाही. गंमत अशी की ओली रेघ जवळजवळ दिसतच नाही, जमीन नुसती भिजल्यासारखी वाटते. काढणारीला आपण काय काढलंय ते डोळ्यांपेक्षा हातानं लक्षात ठेवावं लागतं. मग चैत्रातल्या त्या कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत पीठ वाळतं आणि पांढरीशुभ्र वेल जमिनीतून वर येते.

आपली रांगोळी चिमटीतून सुटते, कोरडी असते, पडल्या क्षणी दिसते आणि चुकली तर फुंकर मारून पुसता येते. अल्पनेत ती सोय नाही. तिथं एक मुलगी वेलीचं वळण घेत होती, तिच्या पलीकडे दुसरी दुसऱ्या टोकाकडून येत होती. दोघींच्या रेघा मधे जिथं भेटल्या तिथं सांधा शोधूनही सापडेना. त्यांच्या शिक्षिका शेजारीच मांडी घालून पाकळ्या भरत होत्या. मुली त्यांना ‘दी’ लावून नावानं हाक मारत होत्या. शिक्षकांना दादा आणि दीदी म्हणायची ही रीत तिथली जुनी आहे. मोठमोठ्या कलावंतांनाही विद्यार्थी असंच बोलवत आले आहेत. शिल्पकार रामकिंकर बैज सगळ्यांचे किंकरदाच होते. ‘सही कुठं करणार?’ असं मी त्या मुलींपैकी एकीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. ‘दीदी, हे तर सगळ्यांचं आहे,’ एवढंच ती म्हणाली.

हल्ली काही ठिकाणी तांदळाच्या पिठाऐवजी रंग आणि कुंचलाही वापरतात. पण शैली तीच आहे, जी कलाभवनातले चित्रकार नंदलाल बोस यांच्या काळात घडली. बंगालच्या बायका व्रतांच्या निमित्तानं अंगणात काढत तीच ही कला. सुकुमारीदेवी नावाच्या अशाच एका जाणत्या बाईंनी ती कलाभवनात आणली. नंदलालांनी तिला पानाफुलांच्या अभ्यासाची जोड दिली आणि त्यांच्या कन्या गौरी भंज यांनी पुढं पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना ती शिकवली. घरातल्या अंगणातली कला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आली आणि तिथून पुन्हा उत्सवाच्या जमिनीवर उतरली.

पहाट ते रात्र

नववर्षाची पहाट वैतालिकानं होते. उजाडायच्या आधी मुलंमुली, शिक्षक आणि जुने आश्रमवासी एकत्र जमून गात गात आवारात फिरतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, हातात पुस्तक नाही. आपली काकड आरती किंवा प्रभातफेरी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा सूर परका वाटणार नाही. मग काचमंदिरात उपासना. उपनिषदांतले मंत्र, रवींद्रनाथांच्या लेखनाचं वाचन आणि गाणी. साथीला एसराज, दिलरुबाच्या घराण्यातलं गजानं वाजवायचं वाद्य. सूर्य वर येतो तशी रंगीत काचांतून आलेली उन्हं फरशीवर सरकत जातात आणि ऊन तापायच्या आत सकाळचा कार्यक्रम आटोपलेला असतो. दुपारी सगळं बंद. हाही पाण्याचा आणि उन्हाचाच हिशोब.

संध्याकाळी उघड्यावर नृत्यनाट्य होतं. मी पाहिलं ते ‘चांडालिका’. रवींद्रनाथांनी हे नाटक १९३३ मध्ये लिहिलं आणि १९३८ मध्ये त्याला नृत्यनाट्याचं रूप दिलं. कथा बौद्ध परंपरेतली आहे. प्रकृती नावाची चांडाळ घरातली मुलगी विहिरीवर पाणी भरत असते. उन्हानं व्याकूळ झालेला आनंद भिक्खू येऊन तिच्याजवळ पाणी मागतो. माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालणार नाही, असं ती सांगते. तू माणूस आहेस, मीही माणूस आहे, असा त्याचा भाव असतो आणि तो ओंजळ पुढं करतो. त्या एका ओंजळीनं मुलीचं सगळं आयुष्य हलतं.

रंगमंचावर विहीर नव्हती, एक मडकं होतं. प्रकृती झालेल्या मुलीनं ते कमरेवरून उतरवलं, पुढं केलं, पुन्हा मागं घेतलं, आणि मग हात थरथरत ओंजळीत पाणी ओतल्याचा अभिनय केला. पुढं बसलेली शाळकरी मुलं श्वास रोखून पाहत होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याची ओंजळ भरली, हे ज्याला ठाऊक आहे अशा मराठी माणसाला हा प्रसंग नुसता नाटकातला राहत नाही. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती करतो आणि त्याच दिवसांत हजार-बाराशे किलोमीटरवर विद्यापीठातली मुलं पाण्याच्या हक्काची ही गोष्ट नाचून सांगत असतात. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

मुलींनी असं उघड्यावर नाचणं ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. १९२६ मध्ये ‘नटीर पूजा’ या नाटकात नंदलालांच्या कन्या गौरी यांनी नटीची भूमिका केली. घरंदाज मुलगी रंगमंचावर नाचते म्हणून गहजब होऊ नये यासाठी कोलकात्याच्या प्रयोगात रवींद्रनाथांनी उपाली भिक्खूची भूमिका नव्यानं घातली आणि ती स्वतः केली. वयाच्या पासष्टीत हा माणूस मुलींच्या पाठीशी उभं राहण्यासाठी रंगमंचावर चढला. नंतर अल्पना शिकवणाऱ्या गौरी भंज त्या याच.

नृत्यनाट्य संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला नाही. ‘साधु, साधु’ असा आवाज सगळीकडून उठला. ही आश्रमाची जुनी पद्धत. दाद मिळाली, पण कुणाला जास्त आणि कुणाला कमी, याची मोजदाद झाली नाही.

१ बैशाख, १९४१

या उत्सवाचा एक दिवस इतिहासात नोंदला गेला आहे. १४ एप्रिल १९४१ रोजी रवींद्रनाथांच्या हयातीतला हा शेवटचा नववर्ष-वाढदिवस झाला. ते ऐंशी पूर्ण करत होते, शरीर थकलं होतं, चाकाच्या खुर्चीतून त्यांना आणावं लागलं. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. त्या दिवसासाठी त्यांनी ‘सभ्यतार संकट’ हे भाषण लिहिलं. ते स्वतः वाचण्याचं बळ नव्हतं म्हणून त्यांचे सहकारी क्षितिमोहन सेन यांनी वाचलं. इंग्रजी साहित्यावर आणि युरोपच्या सभ्यतेवर तरुणपणी ठेवलेला विश्वास कसा ढासळत गेला, हे त्यांनी त्यात परखडपणे सांगितलं आणि तरीही माणसावरचा विश्वास सोडणं हे पाप ठरेल, असं बजावलं.

वाढदिवसाला साहेबी राजवटीचा हिशोब मांडणारं हे भाषण विद्यार्थ्यांसमोर झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. विद्यापीठाच्या उत्सवात फुलं, गाणी आणि वेलबुट्टी असावी, आणि जगाची खरी परिस्थिती सांगायची हिंमतही असावी.

आपले धागे

मराठी माणूस या उत्सवात पाहुणा नाही. १९०९ मध्ये तरुण नंदलाल बोस अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला आले होते. तिथल्या कमळांच्या वेली आणि छतावरची नक्षी त्यांच्या हातात कायमची बसली. शांतिनिकेतनातल्या अल्पनेत त्या वळणांची ओळख पटते. ज्या वर्षी वाढदिवसाची तारीख हलली त्याच १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून त्याची सजावट नंदलालांनी केली. बांबू, गवत, चटया, जे आसपास मिळालं त्यातूनच. विनायक मासोजी हे मराठी चित्रकार कलाभवनात शिकले आणि तिथंच शिकवू लागले. भीमरावशास्त्री हसूरकरांनी तिथं शास्त्रीय संगीत शिकवलं. पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला तिथं जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ लिहून त्यांनी ते दिवस आपल्या घरात आणले.

फैजपूरची सजावट आणि शांतिनिकेतनातली अल्पना यांच्यामागं एकच विचार आहे. जिथं उत्सव करायचा तिथल्या मातीत जे आहे, जेवढं आहे, तेवढ्यात करायचा. १९३५ मध्ये रवींद्रनाथ ‘श्यामली’ नावाच्या घरात राहायला गेले. भिंती मातीच्या आणि छप्परही मातीचंच. उन्हाळ्यात थंडावा देणारं आणि गवताच्या छपरासारखं पेट न घेणारं घर गरिबालाही बांधता यावं, म्हणून केलेला तो प्रयोग होता. त्या वर्षीच्या वाढदिवशीच त्यांनी गृहप्रवेश केला.

युवा महोत्सवाला काय घेता येईल?

आपल्याकडचा युवा महोत्सव मला प्रिय आहे. खेड्यापाड्यातल्या मुलामुलींना पहिलं व्यासपीठ त्यानं दिलं. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी घराबाहेर पहिल्यांदा मुक्कामाला राहिल्या त्या महोत्सवाच्या निमित्तानं. एकांकिका, लोकनृत्य, मूकाभिनय, समूहगान यांतून किती कलावंत पुढं आले, हे महाराष्ट्र जाणतो. तो असाच राहावा, वाढावा.

पण त्याचा गाभा स्पर्धेचा आहे. ठरलेल्या वेळात, आखून दिलेल्या चौकोनात रांगोळी काढायची, परीक्षक फिरणार, गुण देणार, निकाल लागणार. निवड न झालेली मुलं महोत्सवाच्या बाहेरच राहतात आणि निवड झालेल्यांतलीही बरीचशी निकालानंतर हिरमुसून परततात. शिक्षक प्रशिक्षक होतात, स्वतः काही करत नाहीत. मला वाटतं, स्पर्धेच्या जोडीला वर्षातून एक दिवस असा असावा, ज्यात बक्षीस नाही, क्रमांक नाही, आणि शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे जमिनीवर बसून काही ना काही करत आहेत.

तो दिवस शांतिनिकेतनचं पंचांग उचलून ठरवता येणार नाही. एप्रिल आपल्याकडे परीक्षांचा महिना. विदर्भात तो मृगाच्या पावसानंतर, महाविद्यालयं उघडता उघडता ठेवता येईल. कोकणात वेगळा असेल, गोव्यात वेगळा. प्रत्येक विद्यापीठानं आपल्या भागात पाणी कधी असतं, मुलं कधी शेतात असतात, कधी मोकळी असतात, हे पाहून तो ठरवावा. आमच्या भागात दंडार आहे, भुलाबाईची गाणी आहेत, मेळघाटातल्या कोरकूंचे नाच आहेत. ती येणाऱ्या आया, आज्या, मामा गावात आहेत. त्यांना परीक्षक म्हणून बोलावू नका, शिकवायला बोलावा. सुकुमारीदेवींसारख्या बाया आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

कुणाला शांतिनिकेतनचा हा दिवस पाहायचा असेल तर वसंतोत्सवाच्या आणि पौष मेळ्याच्या गर्दीत न जाता एप्रिलच्या मध्यावर जावं. दुपारचं ऊन सोसायची तयारी हवी. कुठल्या कार्यक्रमाला बाहेरच्यांना प्रवेश आहे ते विद्यापीठाकडे आधी विचारून घ्यावं. गावाभोवती आता हॉटेलं आणि बंगले खूप झालेत, खोआईच्या काठावरही बांधकामं आली आहेत. त्यामुळे राहण्याची सोय होते, आणि जपायला काय उरलंय तेही डोळ्यांना दिसतं.

पण एवढ्या लांब जाणं जमलं नाही तरी बिघडत नाही. आमच्या विदर्भातल्या दोन विद्यापीठांची नावं पाहा. अमरावतीचं संत गाडगेबाबांचं आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडत आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं सामुदायिक प्रार्थनेला बसवली. दोघांच्याही कलेत ऐकणारा नुसता ऐकणारा राहत नसे. बाबा प्रश्न विचारत आणि गाव उत्तर देई. महाराज भजन सांगत आणि गाव ते म्हणे. बक्षिसाविना सगळ्यांनी मिळून करायचा उत्सव कसा असतो, हे आपल्याला या दोघांनी करून दाखवलं आहे. त्यांची नावं दारावर लावलेल्या विद्यापीठांनी वर्षातला एक दिवस तसा करावा. सकाळी आवार झाडावं, विहिरीतला गाळ काढावा, रोपं लावावीत आणि संध्याकाळी त्याच जागी सगळ्यांनी गावं. माझ्या विद्यार्थिनी ओटे सारवून रांगोळी काढायला तयार आहेत. तारीख तेवढी विद्यापीठानं ठरवावी, पाऊसपाणी पाहून.